हॉलमधली कबड्डी, बॅडमिंटन: ८० हजारांत कॅमेरा कोणता, लेन्स कोणती?

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. सांगलीतल्या एका शाळेच्या कबड्डी आणि बॅडमिंटन संघांचे फोटो काढायचे आहेत. सामने हॉलमध्ये, बहुतेक दिवेलागणीनंतर. पत्र्याचं छत, वर मोठाले दिवे. डोळ्याला उजेड भरपूर वाटतो, कॅमेऱ्याला मात्र पुरत नाही.

हाताशी सध्या कॅनन १५००डी आहे आणि १८-५५, ५५-२५० मिलिमीटर अशा दोन लेन्स. ऑटोवर ठेवला की फ्लॅश टुणकन वर येतो आणि पंच डोळे वटारतात. स्पोर्ट्स मोडवर चढाईपटूचे हातपाय धुरासारखे पसरतात. शटर १/५०० सेकंद केला तर फोटो काळाकुट्ट. दुकानात विचारलं तर "७०-३०० घ्या, लांबचं जवळ येईल" असं उत्तर मिळालं.

बजेट सगळं मिळून ८० हजार. जुना माल चालेल. फोटो शाळेच्या फलकावर ए४ आकारात लागतात, स्थानिक पेपरला जातात, आणि पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर जातातच. कॅमेरा बदलू, लेन्स बदलू, की दोन्ही?

अजिंक्यतारा

७०-३०० घेऊ नका. दुखणं उजेडाचं आहे आणि औषध अंतरावरचं दिलंय.

हिशेब असा. तुमच्या दोन्ही लेन्स झूम केल्या की एफ ५.६ वर जातात (एफ म्हणजे छिद्राचा आकडा, तो जितका लहान तितकं छिद्र मोठं). ७०-३०० ची गतही तीच. एफ १.८ ची लेन्स त्याच्या जवळजवळ साडेनऊ पट उजेड आत घेते. म्हणजे ज्या हॉलमध्ये एफ ५.६ ला आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की दाणे वाढतात) १२८०० लागतो, तिथं एफ १.८ ला साधारण १२५० ते १६०० मध्ये काम होतं. कुठलाही नवा कॅमेरा, कितीही महाग, साडेनऊ पटींचा फरक पाडून देत नाही. म्हणून पहिला पैसा लेन्सवर.

लेन्सवर 'आयएस' लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. त्यानं तुमच्या हाताचा कंप थांबतो, चढाईपटू थांबत नाही. तो सेकंदाला ५ मीटर सरकतोय असं धरा. १/१२५ ला शटर उघडा असेपर्यंत तो ४ सेंटिमीटर पुढं गेला. फ्रेममध्ये पावणेचार मीटर रुंदीचं मैदान असेल तर ए४ छपाईत हा फराटा ३ मिलिमीटरचा होतो, लांबूनही दिसतो. १/५०० ला तोच पाऊण मिलिमीटरच्या आसपास येतो. हात आणि पायाचं टोक अंगापेक्षा वेगानं फिरतं, म्हणून १/६४० किंवा १/८०० जमलं तर आणखी बरं. पण १/५०० च्या खाली कबड्डीत उतरायचं नाही.

खरेदीआधी एक काम करा, पैसे लागत नाहीत. सामना असतो त्याच वेळी हॉलमध्ये जा आणि फोनच्या मुख्य कॅमेऱ्यानं मॅटच्या मध्यावर उभ्या असलेल्या कुणाचा तरी साधा फोटो काढा. नाइट मोड बंद. मग त्या फोटोच्या तपशिलात छिद्र, शटर आणि आयएसओ बघा. चारही कोपऱ्यांत तेच करा. फोन दोन-तीन फोटो एकत्र करून उजेड थोडा ओढतो, त्यामुळे आकडा अगदी काटेकोर नसतो, पण अंदाजाला पुरतो. आकडे इथं टाका, मग कॅमेऱ्याचं बोलू.

मिरज जंक्शन

वरच्या हिशेबाशी सहमत. आता ५० मिलिमीटरची लेन्स घ्यायची की ८५ ची, हे तुम्ही बसता कुठं त्यावर ठरतं. लोक लेन्स आधी घेतात आणि जागा नंतर शोधतात, तिथंच गणित फिसकटतं.

पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, मुलींचं १२ बाय ८. मोठ्या मैदानात मध्यरेषेपासून अंतिम रेषा साडेसहा मीटरवर, आणि निदान रेषा (चढाईत ओलांडायची ती) मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर. तुम्ही अंतिम रेषेच्या मागं २ मीटर बसलात, तर निदान रेषा तुमच्यापासून पावणेपाच मीटर आणि मध्यरेषा साडेआठ मीटर. १५००डी सारख्या लहान सेन्सरवर ५० ची लेन्स पावणेपाच मीटरला साधारण २.१ मीटर रुंद बाय १.४ मीटर उंच चौकट देते. कॅमेरा उभा धरला की उंची २.१ मीटर, म्हणजे चढाईपटू डोक्यापासून पायापर्यंत नीट बसतो. मध्यरेषेवर हीच चौकट ३.८ बाय २.५ मीटर होते, त्यात चढाईपटू आणि साखळी करून आलेले दोन-तीन पकडवाले येतात. कबड्डीला ५० पुरते, ती यामुळं.

८५ लागते ती तुम्हाला मागं बसवलं तर, किंवा बॅडमिंटनला. ८ मीटरवर ८५ ची चौकट २.१ बाय १.४. म्हणजे ५० नं पावणेपाच मीटरवरून जे मिळतं, जवळपास तेच.

बसायची बाजू: चढाईपटूचा चेहरा पकडवाल्यांकडं असतो, म्हणून ज्या संघावर चढाई चाललीय त्यांच्या अंतिम रेषेमागं बसलात की त्याचा चेहरा मिळतो. पण पकड झाल्यावर तो मध्यरेषेकडं झेप घेतो, तेव्हा तुमच्या वाट्याला पाठ येते. ती झेप समोरून हवी तर दुसऱ्या टोकाला बसावं लागतं. एका डावात दोन्ही मिळत नाही. मध्यंतरात संघ बाजू बदलतात, तुम्ही जागा बदलायची की नाही ते आधी ठरवा. आणि बसा म्हणजे खरंच खाली बसा, गुडघ्यावर. उभ्यानं काढलेल्या फोटोत मॅट जास्त आणि माणूस कमी येतो.

आणखी एक. मागं काय येतंय ते बघून घ्या. उमेदवाराच्या शुभेच्छांचा फ्लेक्स नेमका चढाईपटूच्या डोक्यामागं आला तर पेपरवाला फोटो बाजूला ठेवतो.

वाई घाट

लेन्स आधी, हे बरोबर. पण १५००डी नं वर्ष काढता येईल असं कुणी सुचवत असेल तर थांबा. त्याच्या तीन मर्यादा हॉलमध्येच उघड्या पडतात.

फोकसचे बिंदू ९, त्यातला मधला एकटा क्रॉस प्रकारचा. कमी उजेडात भरवसा त्या एकट्यावर. बाजूचे बिंदू एकाच दिशेच्या रेषा ओळखतात, साध्या जर्सीवर चाचपडत बसतात. दुसरं, सेकंदाला फक्त ३ फोटो. तिसरं, आयएसओ ६४०० च्या वर एकच विस्तारित पायरी, १२८००, आणि ती न वापरलेलीच बरी.

शिवाय दिव्यांची लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे मेटल हॅलाइड आणि स्वस्तातले एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. डोळ्याला कळत नाही. १/१०० ला शटर एक पूर्ण लाट खातो, म्हणून सगळे फोटो सारखे. १/५०० ला लाटेचा पाचवा हिस्सा हाती लागतो. कधी माथा, कधी तळ. परिणाम असा की ओळीनं काढलेल्या सहा फोटोंत दोन उजळ, दोन पिवळट, दोन काळपट, आणि एखाद्यात वरचा भाग एका रंगाचा, खालचा दुसऱ्या. लोक मग कॅमेऱ्याला किंवा स्वतःला दोष देतात. यावर उतारा म्हणजे ही लुकलुक (फ्लिकर) ओळखून लाटेच्या माथ्यावर शटर सोडणारी सोय. कॅननमध्ये ती २०१४ च्या ७डी मार्क टू पासून आली. ८०डी मध्ये आहे, आर१० मध्ये आहे. चालू केली की वेग किंचित मंदावतो, तेवढं सोसायचं. १५००डी मध्ये ती नाही.

म्हणून पर्याय असे. जुनी कॅनन ८०डी: ४५ बिंदू, सगळे क्रॉस, सेकंदाला ७ फोटो, आणि तुमच्याकडच्या लेन्स तशाच बसतात. निकॉनकडं जायचं तर जुनी डी७५००: ५१ बिंदू, सेकंदाला ८. मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेले कॅमेरे) कॅनन आर५० किंवा आर१०, निकॉन झेड ५० मार्क टू, सोनी ए६४००. या सगळ्यांत माणूस ओळखून त्याच्यामागं जाणारा फोकस आहे आणि नवख्याला तो मोठा आधार.

आर१०० मात्र टाळा. नाव त्याच घराण्यातलं आहे, पण सतत फोकस बदलत ठेवला की वेग सेकंदाला साडेतीनवर येतो. १५००डी तून उठून तिथं बसण्यात अर्थ नाही.

वारणाकाठ

फोनचे आकडे आले. मॅटच्या मध्यावर एफ १.८, १/५०, आयएसओ ४००. दोन कोपऱ्यांत आयएसओ ८००. आता याचं काय करायचं? आणि आर५० घेतला तर ५० ची लेन्स ईएफ (आरसावाल्या कॅननची) घ्यायची की आरएफ (मिररलेसची)?

अजिंक्यतारा

१/५० वरून १/५०० म्हणजे उजेड दहावा हिस्सा. म्हणून आयएसओ दहापट: मध्यावर एफ १.८, १/५००, आयएसओ ४०००. कोपऱ्यात ८०००. तुमच्या सध्याच्या लेन्सवर एफ ५.६ ला हाच आकडा मध्यावरच ४०००० जवळ जातो. फोटो काळा का येत होता ते इथं कळतं. एफ २.८ च्या झूमला १०००० च्या घरात. म्हणजे ७०-२०० एफ २.८ सुद्धा या हॉलमध्ये तुम्हाला सुखानं जगू देणार नाही, शिवाय दीड किलो वजन आणि बजेटचा बोऱ्या.

हॉल अंधाराच्या बाजूला झुकलेला आहे, पण हाताबाहेर नाही. लहान सेन्सरवर ४००० ते ६४०० हा पल्ला आजच्या कॅमेऱ्यांत ए४ ला चालतो.

ईएफ की आरएफ: १५००डी आत्ताच विकणार नसाल तर ईएफ ५० एफ १.८ एसटीएम घ्या. वजन १६० ग्रॅम. आज ती १५००डी वर लावा, महिनाभर दोन-चार सामने काढा, उद्या आर५० आला की अडॅप्टरनं त्यावर. अडॅप्टरमध्ये काच नसते, त्यामुळे उजेड किंवा दर्जा कमी होत नाही, फोकसही नीट चालतो. सरळ आर५० नवा घेणारच असाल आणि ८५ चा विचार नसेल तर आरएफ ५० एफ १.८ घ्या, अडॅप्टरचे पैसे वाचतात.

८५ मध्ये एक खड्डा आहे. कॅननची आरएफ ८५ एफ २ मॅक्रो दिसायला देखणी आणि फोटोही सुरेख, पण तिचा फोकस खेळाच्या कामाला संथ. एकदा चुकला की इकडून तिकडं हिंडून येईपर्यंत चढाई संपते. त्यापेक्षा जुनी ईएफ ८५ एफ १.८ यूएसएम. ही १९९२ ची रचना आहे, पण फोकसची रिंग मोटर झटकन जागेवर जाते. सेकंडहँड बाजारात ती सापडते.

निकॉनवाल्यांनी 'डी' आणि 'जी' नीट वाचा. ८५ एफ १.८ जी मध्ये मोटर लेन्सच्या आत आहे. ८५ एफ १.८ डी मध्ये नाही. ती डी७५०० च्या आतल्या मोटरवर चालते, पण झेड कॅमेऱ्याला एफटीझेड अडॅप्टरनं लावली की फोकस हातानं करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून घेतलेली 'डी' लेन्स मग कपाटात राहते.

वाई घाट

पैशांच्या वाटणीबद्दल. किमती दर सणाला हलतात, म्हणून रुपये सांगत नाही. दोन रस्ते दिसतात. एक: जुनी ८०डी, नवी ५०, जुनी ८५. यात अडॅप्टर लागत नाही आणि ८० हजारांत दोन बॅटऱ्या, कार्ड धरूनही हात मोकळा राहतो. दुसरा: नवा आर५०, अडॅप्टर, ५०, आणि ८५ पुढच्या हंगामाला. पहिल्यात लेन्स जास्त मिळतात, दुसऱ्यात फोकस हुशार आणि वॉरंटी.

माझं मत दुसऱ्याकडं झुकतं. कारण एकच: ८५ एफ १.८ ला ८ मीटरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम ६० सेंटिमीटर असते. चढाईपटूच्या पुढच्या हातापासून खांद्यापर्यंत संपली. एवढ्या पातळ पट्टीत चेहरा ठेवायचा तर डोळा ओळखणारा फोकस हातातल्या सवयीपेक्षा लवकर शिकवतो. ज्याला डीएसएलआरची, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याची, सवय आहे त्याची गोष्ट वेगळी.

मिरज जंक्शन

इथं थोडा मतभेद. कबड्डीत डोळा ओळखणारा फोकस नेहमी देवासारखा धावून येत नाही. चौकटीत सात पकडवाले, एक चढाईपटू, मागं पंच आणि गुणलेखक. संपूर्ण चौकट कॅमेऱ्यावर सोडली की तो सगळ्यात जवळच्या किंवा मोठ्या चेहऱ्याला धरतो, आणि तो बहुतेक वेळा पाठमोरा वळून बघणारा कोपरारक्षक असतो. त्यामुळे सुरुवात लहान चौकोनापासून करा: चौकोन चढाईपटूच्या छातीवर ठेवा, बटण दाबा, मग पुढचं काम कॅमेऱ्याला. तो भलत्याला चिकटला की बटण सोडून पुन्हा दाबा. सोडायचा आळस करू नका, निम्मे फोटो तिथंच जातात.

ही सगळी कसरत अंगठ्यावर द्या, म्हणजे फोकस मागच्या बटणावर आणि शटरच्या बटणावर फक्त फोटो. पहिले दोन सामने बोटं गोंधळतात. तिसऱ्यापासून गोडी कळते.

१५००डी वर महिना काढणार आहात म्हणून: फोकस 'एआय सर्व्हो' (सतत बदलत राहणारा), फक्त मधला बिंदू, आणि डोळा व्ह्यूफाइंडरला. पडद्यावर बघून काढू नका. त्या कॅमेऱ्याचा पडद्यावरचा फोकस फार संथ आहे. सेकंदाला ३ फोटो मिळतात, त्यामुळे बोट दाबून धरण्यात अर्थ नाही. हात निदान रेषेपलीकडं जायच्या किंचित आधी एकेक फोटो काढा. जो क्षण डोळ्याला दिसला तो हुकलेला असतो.

कास पठार

सेटिंगचा क्रम विचारला नाहीत, पण गाडी तिथंच अडणार आहे, म्हणून लिहितो.

मोड मॅन्युअल. छिद्र एफ १.८ किंवा २. शटर १/५००. आयएसओ ४००० ला बांधून टाका, ऑटो नको. कारण हॉलमधले दिवे बदलत नाहीत, पण चौकटीतलं चित्र बदलतं. मागं अंधारी गॅलरी आली की ऑटो आयएसओ वर चढतो आणि चेहरा पांढरा फटक. पांढरी जर्सी आली की खाली उतरतो आणि चेहरा काळवंडतो. बांधलेला आयएसओ या दोन्हींना भीक घालत नाही. कोपऱ्यात फोटो एक पायरी (म्हणजे निम्म्या उजेडानं) काळा येईल, तो नंतर उचलता येतो. कोपऱ्यातच बराच खेळ चालला तर तेवढ्यापुरता ६४०० करा.

मात्र आयएसओ कमी ठेवून सगळेच फोटो घरी उजळायची सवय लावून घेऊ नका. १६०० ला काळा काढून दोन पायऱ्या उचललेला फोटो ६४०० ला नीट काढलेल्यापेक्षा चांगला येत नाही, उलट सावल्यांत जांभळे-हिरवे ठिपके दिसतात. आयएसओला घाबरून शटर १/२०० ला आणणं तर त्याहून वाईट. दाणे कमी करता येतात. हललेला फोटो जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर जागेवर आणत नाही.

रंग: ऑटो व्हाइट बॅलन्सवर ठेवला तर प्रत्येक फोटोचा रंग वेगळा. मॅटवर पांढरा कागद धरून एकदा कस्टम ठरवा. कागद मॅटच्या रंगाच्या फार जवळ धरू नका, खालून निळा किंवा पिवळा उजेड त्यावर चढतो. खेळाडूच्या हनुवटीखाली तो तसाही दिसतोच.

वीज गेली तर? मेटल हॅलाइड दिवे गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत आणि पेटल्यावर पूर्ण तेजावर यायला काही मिनिटं घेतात. त्या काळात उजेड कमी आणि रंग भलताच. घाईनं सेटिंग बदलू नका, दिवे स्थिरावू द्या. नाहीतर चुकीच्या रंगावर पुढचा अख्खा सामना निघतो.

मिररलेस घेतला की त्यात 'इलेक्ट्रॉनिक शटर' नावाचा मोह असतो: आवाज नाही, वेग जास्त. हॉलमध्ये तो बंद ठेवा. या किमतीतल्या कॅमेऱ्यांत सेन्सर वरून खाली ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे लुकलुकत्या दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे उमटतात आणि जोरात फिरणारी रॅकेट वाकडी दिसते. आर५० मध्ये पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक असलेला मोड वापरा, सेकंदाला १२ मिळतात, भरपूर झाले.

फ्लॅश बंद, हे तुम्हाला पंचांनी सांगितलंच. त्यासोबत फोकससाठी लागणारा छोटा दिवाही मेन्यूतून बंद करा. तो खेळाडूच्या डोळ्यात जातो.

मिरज जंक्शन

बॅडमिंटनचं राहिलं. कोर्ट १३.४ मीटर लांब. मागच्या रेषेपलीकडं कोपऱ्यात बसून समोरच्या बाजूचा खेळाडू टिपायचा तर अंतर ११ मीटरच्या आसपास. तिथं ८५ ची उभी चौकट २.९ मीटर उंच बाय १.९ मीटर रुंद. उडी मारून स्मॅश करणारा त्यात बरोबर बसतो. शटर १/१०००. तुमच्या हॉलच्या आकड्यानं आयएसओ ८०००. व्हॉट्सॲपला आणि पेपरला चालून जाईल, ए४ ला थोडी सफाई करावी लागेल.

जाळीतून काढताना फोकस जाळीवर बसतो, हा नेहमीचा घोळ. जाळीच्या खांबाच्या बाजूला, कोर्टबाहेर बसलात तर जाळी मध्ये येत नाही. तिथून जवळचा खेळाडू ४-५ मीटरवर, ५० ची लेन्स उभी धरली की काम झालं. खेळाडूच्या सरळ नजरेत बसू नका आणि पांढरा शर्ट घालून जाऊ नका. पांढरं शटल पांढऱ्या शर्टासमोर हरवतं, आणि शिव्या तुम्हाला.

आणि सांगलीत राहून कुस्ती कशी सोडायची? २०२३ ची पहिली महिला महाराष्ट्र केसरी इथंच झाली. मॅट १२ बाय १२ मीटर, त्यात ९ मीटर व्यासाचं लढतीचं वर्तुळ. कडेला एक मीटर सोडून बसलात तर मध्य ७ मीटरवर. ५० नं दोघं पूर्ण येतात, ८५ नं चेहरे आणि पकड. पट काढताना किंवा ढाक मारताना १/५०० हवंच, पण खाली दाबून धरलेल्या अवस्थेत १/२५० लाही चालतं आणि आयएसओ निम्मा होतो. वेटलिफ्टिंग तर या लेन्ससाठी सगळ्यात सोपं: बार डोक्यावर स्थिर झाला की खेळाडू क्षणभर थांबतो, १/२५० पुरतं. वेटलिफ्टर संकेत सरगरच्या गावात वेटलिफ्टिंगचे फोटो कमी निघतात ही मात्र खंत आहे.

कोयनाकाठ

जुनं घेणार असाल तर हे बघून घ्या.

सांगली, मिरज, कराड भागात २०१९ आणि २०२१ च्या पुरात पुष्कळ इलेक्ट्रॉनिक माल भिजला. पुसून-वाळवून विकायला आलेली वस्तू वरून नवी दिसते. बॅटरीचं झाकण उघडून आतले पितळी संपर्क बघा, हिरवट डाग असेल तर ठेवून द्या. तळाच्या ट्रायपॉडच्या आट्यांत गंज, रबराच्या पकडीखाली मातीची बारीक रेघ, स्क्रूच्या खाचा घासलेल्या: यातलं काहीही दिसलं की किंमत विचारूच नका.

लेन्समध्ये मागून मोबाइलचा टॉर्च टाकून पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी. धुळीचे दोन-चार कण चालतात, बुरशी नाही. आपल्याकडं पाटण, महाबळेश्वर बाजूच्या पावसाळ्यात कातडी पिशवीत ठेवलेली लेन्स हमखास धरते. घेतल्यावर हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, जेलचा रंग बदलला की गरम करून पुन्हा वापरा. आर्द्रता मोजायचा छोटा काटा मिळतो, तो ४० ते ५० टक्के दाखवत राहिला पाहिजे.

शटर किती वेळा पडला ते विचारा. ८०डी चा शटर १ लाख वेळांसाठी बनवलेला आहे, डी७५०० चा दीड लाख. निकॉनमध्ये हा आकडा फोटोच्या माहितीत सापडतो, बऱ्याच कॅननमध्ये यूएसबीनं जोडून प्रोग्रॅम लावून काढावा लागतो. विक्रेता त्याला तयार नसेल तर कारण समजून घ्या.

८०डी वर ८५ लावून एफ १.८ ला तपासणी करा. टेबलावर पाच पेन्सिल सेल तिरक्या ओळीत, एकामागं एक उभे करा आणि मधल्यावर फोकस घ्या. पुढचा किंवा मागचा सेल जास्त स्पष्ट आला तर लेन्स आणि बॉडीचं जमत नाही. ८०डी मध्ये हे मेन्यूतून दुरुस्त करता येतं, १५००डी मध्ये येत नाही. मिररलेसमध्ये फोकस सेन्सरवरच मोजला जातो, म्हणून ही कटकट उरत नाही.

वारणाकाठ

मनापासून आभार. सध्या ईएफ ५० घेतो, महिनाभर १५००डी वर काढतो, मग आर५० आणि अडॅप्टर. शेवटची शंका: ८५ लांबणीवर टाकली तर बॅडमिंटनचे फोटो ५० नं काढून कापले तर ए४ ला पुरतील का?

अजिंक्यतारा

पुरतील, पण काठावर. ए४ ला ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० बिंदू) ३५०८ बाय २४८० बिंदू लागतात. तुमचा फोटो ६००० बाय ४०००. म्हणजे लांबीत १.७ पट कापायला जागा आहे, आणि ५० गुणिले १.७ म्हणजे ८५. गंमत बघा. फक्त कापलेल्या तुकड्यातले दाणेही तितकेच मोठे होतात. आयएसओ ८००० चा फोटो पूर्ण वापरला तर जसा दिसतो, कापल्यावर तो साधारण दीड पायरी जास्त आयएसओ असल्यासारखा दिसेल. फलक दोन पावलं लांबून बघतात, तिथं २०० डीपीआय सुद्धा चालतं.

यासाठी बॅडमिंटन रॉ मध्ये (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली फाइल) काढा. कबड्डी जेपेगमध्ये काढलीत तरी हरकत नाही, रात्रीच पेपरला पाठवायची असते. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल फुकट मिळतं, त्यात दाणे कमी करायची पट्टी आहे. ती चेहऱ्याची कातडी मेणासारखी दिसायला लागेपर्यंत ओढू नका. कार्ड ६४ जीबीचं, व्ही३० खूण असलेलं. आणि बॅटरी दुसरी घ्याच. आर५० ची बॅटरी लहान आहे, पडदा सतत चालू राहतो, उपांत्य सामना संपता संपता ती मान टाकते आणि अंतिम सामना फोनवर काढायची पाळी येते.